तीन नोंदी नाहीत

गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्यांमध्ये
मी ॲल्युमिनियमचे तीन त्रिकोण उभे केले,
एकमेकांना काटकोनात,
तोंड आकाशाकडे, पूर्वेला थोडं कललेलं.
सेक्रेटरी कुन्हीरामन यांनी अर्ज दोनदा वाचला.
‘टॉवर नाही ना? रेडिएशन?’
नाही म्हटलं. हा स्वतः काहीच पाठवत नाही,
आलेलं आल्या वाटेनं परत करतो.
‘मग चालेल,’ म्हणाले. ‘भाडं किती देणार?’

दर बारा दिवसांनी, सकाळी सहाच्या सुमारास
उपग्रह वरून जातो.
खाडीवर ढग असोत, कंपन्यांचा धूर असो,
त्याचं काही अडत नाही.
आमची इमारत त्याला दिसते असंही नाही;
कोपरखैरण्याचं सेक्टर अकरा त्याच्या लेखी
सांडलेले राखाडी मुरमुरे,
आणि त्यात माझे पत्रे, एक पांढरा ठिपका.
ठिपक्यापर्यंतचं अंतर तो सांगतो.
तेही पुरतं नाही.
साडेपाच सेंटिमीटरची एक लाट,
जाऊन-येऊन अशा तीनेक कोटी.
पूर्ण लाटा तो मोजत नाही,
शेवटी उरलेला तुकडा तेवढा हातावर ठेवतो.
बाकीचं उलगडायचं आपण,
शेजारच्या ठिपक्यांना विचारत विचारत.

बाबांचंही तसंच.
एकतीस वर्षं रबाळ्याच्या कंपनीत, रिॲक्टरवर,
आणि घरी आल्यावर एकच वाक्य:
‘पाणी आलं का?’

इथे खाजण होतं. भराव पडला,
सोडतीत नंबर लागला, चाळीस चौरस मीटर.
पेढ्यांच्या खोक्यावरचा दोरा
आईनं किती तरी वर्षं जपून ठेवला होता.

दोन वर्षांच्या नोंदी जुळवल्या.
पारसिकच्या डोंगरावरचा संदर्भबिंदू, शून्य.
रस्त्यापलीकडची शाळा, चार.
आम्ही, वर्षाला नऊ मिलिमीटर खाली.
हवेतली वाफ वजा करून पाहिली,
जून ते सप्टेंबर वगळून पाहिलं,
रात्री दीडला पुन्हा पहिल्यापासून.
नऊच.

कुन्हीरामन आवाज खाली आणून म्हणाले,
‘सोसायटीचं नाव नको हां. रीडेव्हलपमेंटची बोलणी चाललीत.’
म्हणून प्रबंधात आम्ही ठिपका क्रमांक चारशे सतरा.

मग फेब्रुवारीत ठिपका विझला.
वर जाऊन पाहिलं तर
कोपऱ्यात काटक्या, केबलचे तुकडे,
झाडूच्या चार काड्या, दोन अंडी.
कबुतर माझ्याकडे एका डोळ्यानं बघत बसलेलं.
गाईडांचा मेसेज: साफ करून घे,
पुढचा पास मंगळवारी.

बाबा कधी वर आले कळलं नाही.
‘जागा बरी शोधलीय,’ म्हणाले.
आणि मग, टाकीच्या झाकणाकडे बघत,
‘आपलं किती जातंय खाली?’
मी त्यांना सांगितलं नव्हतं.
लॅपटॉप उघडा राहिला असेल.
‘नऊ मिलिमीटर. वर्षाला.’
त्यांनी करंगळीचं नख बघितलं.
‘तरीच. आधी तीन पायऱ्या चढायचो,
आता अडीच.’
‘रस्ता वर आला असेल, बाबा. डांबराचे थर.’
‘दोन्ही असेल.’

मंगळवार गेला. त्यानंतरचा पास गेला,
आणि त्याच्यापुढचा.
तक्त्यात तीन घरं रिकामी,
खाली बारीक अक्षरात: प्रतिसाद उपलब्ध नाही.
गाईडांनी कारण विचारलं, मी खरं सांगितलं.
ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत;
म्हणाले, ‘तीन नोंदींनी उतार बदलत नाही.’

उतार बदलला नाही.

आज पिल्लं उडाल्यावर पत्रे पुसले.
सहा वाजून काही मिनिटं झाली असतील.
वर काही दिसत नाही, ऐकूही येत नाही.
खाली गेटाशी बाबा, हातात दुधाची पिशवी,
अर्ध्या पायरीवर थोडे थांबलेले.
आणि पत्र्यांच्या कोपऱ्यात, कुठेही उभी राहिले तरी,
माझंच तोंड, पुसट,
उलटं.