रिकामी रात्र

आमच्याकडे, काशुबियात, दफनाच्या आदल्या रात्रीला
रिकामी रात्र म्हणतात.
तशी ती कधीच रिकामी नसते.
माणसं असतात, कॉफीची किटली, खसखशीचा केक,
आणि मधोमध, दोन स्टुलांवर,
ज्याची रात्र आहे तो.

आज ब्रुनोन.
घड्याळ त्याच्या धाकट्याने थांबवलं, चार वीसला.
आरशावर चादर, इस्त्री केलेली.
खिडकी बोटभर उघडी, जाणाऱ्यासाठी.
पण नोव्हेंबर आहे, बहिणीने ती दोनदा लावून घेतली
आणि दोनदा कुणीतरी मुकाट्याने पुन्हा उघडली.
मधमाश्यांना सांगून आलं का कुणी? अलोयझीने विचारलं.
सांगितलं, धाकटा म्हणाला,
प्रत्येक पेटीवर तीनदा टकटक करून.
मग आपल्या बोटांच्या पेरांकडे बघत राहिला.

गाणारे आम्ही एकेकाळी चौदा होतो. आज चार,
त्यात लेओनला डाव्या कानाने ऐकू येत नाही.
आणि वही. ब्रुनोनच्या अक्षरातली,
तपकिरीने कोपरे पिवळे पडलेली.
स्तोत्राची सुरुवात नेहमी त्याची,
नेहमी दीड पट्टी वर.
तिसऱ्या कडव्याला आमच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या.
कुणी कुरकुरलं की म्हणायचा,
देव काय तळमजल्यावर राहतो?

जपमाळ संपली. मेणबत्ती बदलली.
तपकिरीची डबी सगळ्यांकडून फिरून आली.
वही उघडली
आणि कुणीच सुरुवात करेना.
आम्ही चौघांनी ब्रुनोनकडे पाहिलं.
सवय.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.
तेक्ला. त्याची बायको. हातात केकची सुरी.
एकेचाळीस वर्षं या रात्रींना ती फक्त कॉफी ओतत आली,
कारण लग्नाच्या वर्षी तो चारचौघांत बोलून गेला होता,
तू भांडी सांभाळ, सूर आम्ही सांभाळतो.

आवाज खालचा. इतका खालचा
की ओल्या मातीतून बटाटे उपसावेत.
अलोयझीने डोळ्यांनीच विचारलं, आता?
आता काय.
उतरलो.
तळघरात उतरतात तसे, भिंत चाचपत, एकेक पायरी.
खाली जागा होती.
बसता येईल एवढी.

सव्वीस कडवी.
सूर सुटला नाही असं म्हणणार नाही. चारदा सुटला.
एकदा ती मधेच हसली, किंवा खोकली,
आणि सुरीनेच पुढच्या ओळीची खूण केली.
शब्द तिला वहीशिवाय पाठ होते.
कधी केले पाठ, कुणी विचारलं नाही.

सकाळी चर्चची घंटा.
सहा जणांनी पेटी उचलली.
आमच्याकडे उंबरठ्याला ती तीनदा टेकवतात,
घराचा निरोप म्हणून.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा जरा जोरात लागली.
हळू रे, तेक्ला म्हणाली,
गुडघा दुखतो त्याचा.

मी आत येऊन दोन्ही स्टुलं उलटी केली. रीत आहे,
नाहीतर गेलेला परत येऊन बसतो म्हणतात.
ती मागून आली.
एक स्टूल सुलटं केलं,
त्यावर बसली,
आणि चिखलात घालायचे बूट
सावकाश, एकेक करून, पायांत चढवू लागली.