डावीकडच्या तीन रांगा

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मी आधी खुर्च्या मांडते, मग नियम.
थॉर्नबेकच्या सभागृहात दुपारी बॅडमिंटन असतं,
जमिनीवरची पांढरी पट्टी आमच्या कामी येते.
पट्टीच्या उजवीकडे बसाल तर चित्रणात याल;
डावीकडच्या तीन रांगा, ज्यांना यायचं नाही त्यांच्या.
दारावर हे मोठ्या अक्षरात लावलंय,
कारण इथले लोक चष्मा घरी विसरण्यात पटाईत.

बाकीचं बारीक अक्षरात:
नागरिकांना एकूण पंधरा मिनिटं, प्रत्येकी तीन.
बोलणं अध्यक्षांना उद्देशून.
चित्रणाला कुणाची परवानगी लागत नाही,
फक्त दिवा चमकवू नये, मध्येच फिरू नये,
चित्रण चालू असताना स्वतःची टिप्पणी करू नये.
हे शेवटचं कलम एकट्या आयव्हर ब्रॅम्वेलसाठी.

आयव्हर पूर्वी दुधाची गाडी चालवायचा,
आता तिपाई उभी करतो.
पहिल्या बैठकीत सदस्यांनी पोटं आत घेतली.
मग विसरले.
मग दफनभूमीच्या कुंपणाच्या खर्चावर
मिस्टर गॅस्कार्थ जे पुटपुटले
ते अख्ख्या गावाने चहा पिता पिता पाहिलं.
तेव्हापासून गॅस्कार्थ तोंडावर हात धरून बोलतात.

हेस्टर टायसन कायम डावीकडे, दुसरी रांग, खिडकीशी.
दोन वर्षांत चार वेळा बोलली,
ओढ्यावरच्या लाकडी पुलाबद्दल.
चारही वेळा मी लिहिलं: नोंद घेतली.
किती सोयीचं क्रियापद.
कुणी घेतली, कुठे ठेवली,
विचारणार कोण?

नोव्हेंबरात ती आली तेव्हा मनगट प्लास्टरमध्ये.
खुर्ची उचलायला दोघे पुढे झाले. नको म्हणाली.
एका हाताने ओढत नेली, पांढऱ्या पट्टीपलीकडे,
लाकडावर लोखंडाचा तो आवाज
माझ्या दाढेत अजून आहे.
बसली थेट तिपाईसमोर.

अध्यक्षबाई म्हणाल्या,
"कुठे बसलात, कल्पना आहे ना?"
"वाचलाय नियम. आज चष्मा आणलाय."

मी कोंबडीच्या आकाराचा टायमर फिरवला.

"शेवटून तिसरी फळी," ती म्हणाली.
"सप्टेंबरात पायाने दाबून पाहिली, तेव्हा हलली.
तुमच्यातल्या दोघांना दाखवलीसुद्धा.
ऑक्टोबरात हलली नाही. तुटली."

एवढंच. मिनिटभरही झालं नव्हतं.
"उरलेली दोन मिनिटं माझीच ना?"
अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं,
मी नियमांकडे.
बोलण्याला मर्यादा होती.
गप्प बसण्याबद्दल आम्ही काहीच ठरवलं नव्हतं.

चहाचं भांडं सुसू करत राहिलं.
हीटर एकदा खटकला.
गॅस्कार्थचा हात सवयीने तोंडापर्यंत गेला
आणि तिथे लपवायला काही नव्हतं म्हणून
मांडीवर परत आला.
डावीकडच्या रांगांत कुणीतरी नाक ओढलं.
मी पेन धरून बसले होते,
आयव्हरच्या चित्रणात ते दिसतं:
एक बाई, पेन, आणि कोरा कागद.
मग कोंबडी वाजली.

रात्री इतिवृत्त लिहायला बसले.
कलम सहा, नागरिकांचं म्हणणं.
सवयीने "नों" पर्यंत पोचले होते.
खोडलं. लिहिलं:
हेस्टर टायसन पाचव्यांदा बोलल्या.
शेवटून तिसरी फळी तुटली आहे. मनगटही.
दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

डिसेंबरात गॅस्कार्थ म्हणाले,
इतिवृत्तात इतका तपशील शोभत नाही.
मतदान झालं. चार विरुद्ध तीन.
तपशील राहिला.
फळीचं कोटेशन अजून यायचंय,
पुलाला तोवर निळी दोरी बांधलीय,
आयव्हरच्या जुन्या गाडीतली.