दंतवैद्याची सुई

ग्राफ-रायनेटच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये
माझं काम सोपं : हाड नाही ते काढून टाकायचं.
दंतवैद्यानं टाकून दिलेली सुई, भिंग,
आणि पाठदुखी.

टेर्ब्लांश म्हणतो, सायबेरिया.
तिकडं जमीन उकलली, लाव्हा कोळशाच्या थरांत शिरला,
आभाळ कोंदलं, समुद्र आंबले.
मफुंदाबाई म्हणतात, असेल. पण या कारूत
नद्या आधी आटल्या की नंतर, ते सांग.
तारीख जुळते?
‘साठ हजार वर्षं इकडंतिकडं.’

साठ हजार!
माझ्या आईच्या परवान्यावर जन्मसाल
कारकुनानं अंदाजानं टाकलं होतं.
तीही आयुष्यभर तेच खरं धरून चालली.

यंदा केपटाऊनचा एक पोरगा आला,
लॅपटॉपमध्ये उल्का घेऊन.
तेव्हा दोघं पहिल्यांदा एकत्र हसले.

गुरुवारी, बुजलेल्या बिळाच्या दगडात
सुई एकदम हलकी झाली.
कवटी. चोच, दोनच सुळे.
आणि तिच्या फासळ्यांना टेकून
दुसरं एक, लहान, अंग मुडपून.

मी हाक मारली नाही.
बाहेर प्राणवायूवरून जुंपली होती.
कार्ड भरलं : क्रमांक, थर, शेताचं नाव.
मृत्यूचं कारण असा रकाना
आमच्या कार्डावर नाहीच, नोझुको, स्वतःलाच म्हटलं.

दोघांमधली बोटभर माती तेवढी काढली नाही.

संध्याकाळी टेर्ब्लांश वाकून म्हणाला,
इथं काम अर्धवट राहिलंय.
हो, म्हटलं.