शेऱ्याचा रकाना

उद्यमनगरात चौतीस वर्षं चलनं लिहिली मी.
लोखंड गिऱ्हाइकाचं, मजुरी आमची,
खाली शिक्का : जॉबवर्क.
वाळूचा साचा एकदाच कामाला येतो.
ओतीव निवलं की हातोडीनं फोडायचा,
वाळू चाळून पुन्हा ढिगात.
साच्याचं नाव कुठल्या चलनावर नसतं.

आता रविवारी चर्चच्या ऑफिसात
बाप्तिस्म्याची वही माझ्याकडं असते,
अक्षर बरं म्हणून फादर मार्सेलिननी दिलेली.
मुलाचं नाव, बापाचं, आईचं,
धर्मपिता, धर्ममाता,
आणि शेवटी एक अरुंद रकाना, शेरा,
जो बहुतेक कोराच राहतो.

आंतोनेत आणि ग्लॅडविन. आमच्या आजऱ्याचीच माणसं,
दूरचं नातंही लागतं.
अकरा वर्षं झाली लग्नाला.
पाच वेळा कूस रिकामी झाली.
त्यातल्या एकाला नाव ठेवलं होतं;
त्याची पेटी मीच केली,
पॅटर्नशॉपच्या उरलेल्या सागवानातून,
बुटाच्या खोक्याएवढी.
म्हणून मला त्यांच्याविषयी फार बोलता येत नाही.

उपासकाळात फादर म्हणाले होते :
मूल देवाकडं मागावं, मागवू नये.
बाईचं पोट म्हणजे भाड्याची खोली नव्हे,
की नऊ महिन्यांनी किल्ली परत.
मी मान डोलावली. जॉबवर्क मला कळतं.
तिसऱ्या बाकावर आंतोनेत
स्वतःची नखं बघत होती.
तिच्या पर्समध्ये तेव्हा
सातव्या महिन्याची सोनोग्राफी होती,
दुसरीच्या पोटाची.

आज त्याच फादरनी बाह्या दुमडल्या,
कुंडातलं पाणी कोपरानं तपासलं,
गार वाटलं म्हणून किटलीतलं थोडं ओतलं.
मी बघतोय हे बघून म्हणाले,
'चूक घडवण्यात होती, इनास.
घडलेल्यात नाही.'

बाहेर, चपलांपाशी, अक्काताई.
शियेहून सकाळच्या वडापनं आलेली,
हातात डिंकाच्या लाडवांचा डबा.
आत या म्हटलं तर म्हणाली,
'नगं. पैसं पोचल्यात मला. पत्रं घातलं घरावर.
नाव काय ठेवताय तेवढं सांगा.
मी आपली बंड्या म्हणायची.'

अलॉयसियस, मी सांगितलं.
तिनं दोनदा म्हणून बघितलं.
दुसऱ्यांदा जवळजवळ जमलं.

पाणी पडलं तसं पोर किंचाळलं,
आणि थांबेचना.
धर्ममातेनं थोपटलं, आजीनं खुळखुळा हलवला,
ऑर्गनवाल्या पोरानं दोन सूर धरून पाहिले.
तेव्हा आंतोनेत उठली,
ओलं पोर तसंच छातीशी धरून
सगळ्यांच्या देखत दारापर्यंत गेली.
'रात्रीपण असंच करतो हो,' ती म्हणाली,
'सहा आठवडे झाले. काय करू मी?'

अक्काताईनं हात पुढं केले नाहीत.
डबा घट्ट धरला.
'आमच्या शेजारी गुऱ्हाळ हाय,' ती म्हणाली,
'इंजिन सुरू झालं की गप व्हायचा.
त्येचा आवाज ऐकवून बघा, बारीक.
आनि डाव्या कुशीवर घ्या. उजवीवर लाथा मारतुया.'

डाव्या कुशीवर घेतलं.
लगेच नाही, पण थांबलं.

शिकवण खरी आहे, मी आजही म्हणतो.
माणसाची ऑर्डर देता येत नाही.
पण त्या शिकवणीत जिची बाजू घेतली होती
ती दीड तास चपलांपाशी उभी होती,
आणि खुर्ची कुणीच नेली नाही.
मीसुद्धा नाही. माझ्या हातात वही होती.

आईच्या रकान्यात आंतोनेत लिहिलं,
सुवाच्य, शाईनं.
मग शेऱ्यात दोन अक्षरं : शिये.

सही करताना फादरनी चष्मा वर ढकलला.
'हे काय?'
गाव, मी म्हटलं.
'कुणाचं?'
मी दाराकडं पाहिलं. डबा पायरीवर होता.
वडाप गेलेलं.
फादर काही बोलले नाहीत.
त्या दोन अक्षरांवर टिपकागद दाबून
बराच वेळ बसले.
शाई केव्हाच वाळली होती.