आठशेच्या धडावर

आकडे आधी गेले.
एक तर पहिल्याच वर्षी.
पहिल्यात टाकताना सगळेच घाबरतात
आणि घाबरलेला तळवा जास्त घासतो.
मग दोन, मग तीन.
चारचा एक कोपरा तेवढा तगला बरीच वर्षं.
मानकापूरच्या गल्ल्यांत चौथा लागतो कुणाला?

नंतर रबरानंही साथ सोडली.
मे महिन्यात काळं चिकट हाताला लागायचं,
मुली ओढणी गुंडाळून गिअर टाकायच्या
आणि एक पोरगा, वैनगंगेकडचा, हेमराज नावाचा,
दर वेळी तळवा पँटीला पुसून म्हणायचा,
"मॅडम, तुमची गाडी घामेजते."

टेका नाक्याच्या पुढं मुश्ताकभाईचं भंगार.
घमेलंभर नॉब. जणू कुणी बाजारात
नुसती मुंडकीच विकायला मांडलीत.
"आठशेचा? ताई, आता कुठं भेटते आठशेचा.
झेनचा न्या. एकाच घरच्या गाड्या त्या, आटे सेम."
साठ रुपये.
बुडाच्या खाचेत हळद-कुंकू अडकलेलं,
कुठल्या दसऱ्याचं, कुणाच्या अंगणातलं, कोण जाणे.
मी ते काडीनं काढायला गेले
आणि मग राहू दिलं.

आटे सेम, पण मन नाही.
घट्ट आवळला की आकडे खिडकीतून बाहेर बघायचे,
समोर तोंड करून ठेवला की डुगडुगायचा.
नळाची पांढरी टेप, चार वेढे.
पाचव्या वेढ्याला बसलाच नाही. चारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाची लांजेवार काकू.
बत्तीस वर्षं टपालखात्यात काढलेली बाई,
लिहिलेल्यावर विश्वास ठेवणारी.
"मॅडम, पाचवा कुठं आहे?"
"नाही पाचवा."
"लिहिला तर आहे."
"ते झेनचं लिहिलेलं आहे काकू, गाडी आठशे आहे."
"मंग लिहून काहून ठेवलं बाप्पा?"

कोराडी रोडला रस्ता मोकळा मिळाला तशी
तिनं मला न विचारता क्लच दाबला,
दांडा उजवीकडे घेतला आणि वर ढकलला,
जिथं आकडा होता तिथं.
खट्.
काही नाही त्या जागी,
तरी भिंतीसारखं लागलं.
मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. मागून ट्रकवाला बोंबलला.
काकू स्टिअरिंग धरून नुसती हसत होती.
"पाहून घेतलं," म्हणाली. "आता नाही विचारणार."

पण बाकीचे विचारायचे.
आणि वाईट म्हणजे बघायचे.
जुन्या टकल्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं,
म्हणून हातानंच शिकली एकोणीस वर्षांची पोरं.
आता प्रत्येक वळणावर मान खाली.
"रस्ता बघ, रस्ता. आकडा कुठं पळून नाही चालला."
दिवसातून चाळीस वेळा.

शेवटी काकूनंच इलाज केला.
कपाळावरची टिकली काढली, मरून, मध्यम आकाराची,
आणि पाचावर चिकटवली.
"हं. झाकलं."
बोडक्या कपाळानं गाडी नेली फुटाळ्यापर्यंत,
तिथं आरशात बघून पर्समधली दुसरी लावली.

काकूला लायसन्स मिळून झाले दोन महिने.
पारा शेहेचाळीस. दुपारी गाडी बंद उभी राहिली
की टिकलीचा गोंद वितळतो
आणि ती सरकते, कधी रिव्हर्सवर, कधी तीनवर.
संध्याकाळच्या बॅचआधी मी ती नखानं ढकलून
परत जागेवर आणते.

जुना नॉब डॅशबोर्डच्या खणात आहे,
पावतीपुस्तक आणि लिमलेटच्या गोळ्यांसोबत.
सिग्नलला उभी असते तेव्हा डावा हात
कधी कधी आपणहून खणात जातो,
त्याला धरतो,
आणि डोळे रस्त्यावर ठेवून
दुसऱ्यात टाकतो.