खुंट

बारादरीच्या पायरीवर नकाशा अंथरला,
चार कोपऱ्यांवर चार खडे.
अठरा फूट बाय अठरा फूट,
चौकटीगणिक एक संत्रा, हिरव्या पेन्सिलीचा गोल.
कमानींतून पाहुण्यांना मावळतीला
फळं पेटलेली दिसावीत अशी योजना.
सरदारांचीही तीच असणार, असं मी
अहवालात आधीच लिहून टाकलेलं.

झिबल गुरनुले नकाशाभोवती एक फेरी मारून
पलीकडे जाऊन उभे राहिले.
"उलटा धरला बाई. बाग हिरीपासून वाचा."

मग सुतळीचं बंडल घेऊन
मोटेच्या धावेवरून उतरलो, बैल उतरायचे तसे,
पुन्हा वर, थारोळ्याशी, आणि तिथून दांडाच्या कडेकडेनं
ओळी चालायला लागल्या,
काटकोन कुठेच नाही.
काळी माती संपून चुनखडी लागते
तिथे चार पावलं बाजूला सरकलेल्या.
झाडं तीनदा बदलली, म्हणाले, आळी तीच.
बारादरीकडे बागेची पाठ होती
आणि हे तिथे बसणाऱ्या कुणालाच
कळलं नसावं.

सहाव्या ओळीत एक जागा मी 'रिक्त' लिहिली होती.
तिथे एक दांडगं, काटेरी झाड,
खडबडीत पिवळ्या फळांचं.
एक फोड चाखली तर कानशिलं आवळली.
"जंबेरी. माह्या बापानं डोळा बांधला होता.
डोळा मेला. खुंट जगला."

मी वहीत लिहिलं: काढणे.

त्यांनी वाचलं. काही वेळ सुतळी गुंडाळत राहिले.
"काढा. पण साऱ्याइचे पाय त्याचेच हायेत."
आणि शेजारच्या संत्र्याच्या बुडाशी वाकून
बोटांनी माती झाडली, वीतभर.
जुन्या जखमेची गाठ.
गाठीच्या वर एक साल, खाली दुसरी.
पुढच्या झाडालाही. त्याच्या पुढच्यालाही.
आंबिया बहार डोक्यावर दाट फुललेला
आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर,
झाडं खालून बघत.

तीनशे बारा मोजली होती मी.
सगळी वरून.

रात्री धंतोलीच्या खोलीत नकाशा फिरवून घेतला,
विहीर वर आली, बारादरी खाली एका कोपऱ्यात.
'काढणे' खोडलं.
त्या रकान्यात काय लिहायचं
ते अजून सुचलेलं नाही.
दोनदा साबण लावला,
बोटांचा आंबट वास जात नाही.