त्याच अक्षरावर

परभणी. स्टेशन रोड. वर पत्रे, खाली टायपिंग क्लास.
रात्री दहानंतर क्लासमधल्या एकुलत्या एक संगणकावर
दस्तगीरकाका बोर्ड चालवायचे.
एक फोन, एक मॉडेम,
शिट्टी वाजली की एकच पाहुणा.

तेच ते टंकून बोटं दुखायची त्यांची
म्हणून एका रविवारी मी मॅक्रो बसवायला घेतले.
एफ-एक : सलाम, नमस्कार, नाव सांगा.
एफ-दोन : वीस मिनिटं झाली, मागं लोक थांबलेत.
एफ-तीन : फाइल ठेवलीय, उतरवून घ्या.
एफ-पाच : ढग गडगडायलेत, वायर काढतो.

मला वाटलं, समजावून सांगावं लागेल.
काका हसले. तार ऑफिसात तीस वर्षं काढलेली.
"अरे, हे तर आमचंच.
लग्नाला एक आकडा, लेकरू झालं की दुसरा, पास झालं की तिसरा.
इकडून आकडा पाठवायचा,
तिकडचा माणूस अख्खं वाक्य लिहून द्यायचा.
जिल्ह्याची खुशी मी आकड्यांत धाडली, बेटा."

पण चौथ्या दिवशी म्हणाले, काहीतरी चुकायलंय.
वाक्य एकदम पडतं पडद्यावर,
मोंढ्यात पोतं टाकल्यावानी.
त्यात हात नाही कुणाचा.
हिंगोलीचा गुंडेराव तारेवर बसला की
नावाआधी ओळखू यायचा.
त्याचा डॅश जरासा लांबायचा,
बायको आजारी असली की अजून.

मग आम्ही दर अक्षरामागं थोडा थांबा घातला.
नमस्कारानंतर श्वासाएवढा.
तरी समाधान नाही.
"एक चूक घाल," म्हणाले.
घातली.
इंग्रजी अक्षरांतलं 'सांगा' लिहिताना
एसच्या जागी शेजारचा डी,
मग मागं जाणारी कळ,
मग एस.

पावसाळाभर कुणाला कळलं नाही.
विद्यापीठाच्या हॉस्टेलवरची पोरं तर म्हणायची,
काका, चष्मा बदला.

मग एका रात्री जिंतूरहून,
बियाण्याच्या दुकानातल्या फोनवरून
प्रयागनं लिहिलं :
काका, तुम्ही रोज त्याच अक्षरावर चुकता.

काका बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.
ह्याच्यासाठी मी कुठलीच कळ बांधली नव्हती.
शेवटी दोन बोटांनी, कळा शोधत शोधत,
लिहायला लागले.
तिकडं एसटीडीचं मीटर पळत होतं.
ती थांबली.